मुलगा खोटे बोलला, म्हणून आईने नोकरी सोडावी का?

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करता, यजमान पुण्याला कंपनीत असून पंधरा दिवसांनी एकदा घरी येतात आणि घरात सासूबाई व नऊ वर्षांचा मुलगा आहे. मुलाने आजीच्या डब्यातून दोन-तीन वेळा मिळून साडेतीनशे रुपये घेतले. विचारल्यावर तो साफ नाही म्हणाला आणि दप्तरात पन्नासची नोट सापडल्यावर ती मित्राने दिली असे त्याने सांगितले. तुम्ही त्याला मारले आणि शेजारच्या बायकांसमोर आजीचे पाय धरायला लावले. तेव्हापासून तो तुमच्याशी धड बोलत नाही. सासूबाई म्हणतात, "माय दिवसभर बाहेर असली की लेकरं अशीच निघतात." तुम्ही विचारता की नोकरी सोडून मुलाच्या संस्कारांकडे लक्ष द्यावे का.

मी बीड जिल्ह्यात अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून काम करून निवृत्त झाले आणि आता कुटुंब समुपदेशनाच्या कामात मदत करते. गृहभेटीच्या निमित्ताने इतकी घरे आतून पाहिली की, एखाद्या प्रश्नात नेमके काय अडकले आहे हे थोडेफार कळू लागते. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मुलाने पैसे का घेतले आणि खोटे का बोलला, हा पहिला. आई म्हणून मी नापास झाले का, हा दुसरा. दुसऱ्याने पहिल्याचा गळा धरला आहे. संपूर्ण पत्रात मुलाने त्या पैशांचे काय केले हे अर्ध्या ओळीत येते: मित्रांना वडापाव दिला आणि खेळायची कार्डे घेतली. सासूबाई काय म्हणाल्या याला मात्र तुम्ही दोन परिच्छेद दिले आहेत. म्हणून मी त्या अर्ध्या ओळीपासून सुरुवात करते.

जूनमध्ये तुम्ही त्याला गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले, असेही तुम्ही लिहिले आहे. तिथे त्याला ओळखणारे कोणी नाही, भाषा अर्धवट कळते आणि मधल्या सुट्टीत ज्याच्या हातात दहा-वीस रुपये असतात त्याच्याभोवती पोरे जमतात. या मुलाने पैसे स्वतः खाण्यासाठी घेतलेले दिसत नाहीत. ते त्याने चार जणांत बसायला जागा मिळावी म्हणून खर्च केले. यामुळे पैसे घेणे योग्य ठरत नाही. पण उपाय कोणत्या दिशेने करायचा हे त्यावरून ठरते. हाव सुटलेल्या मुलाला आवर घालावा लागतो, आणि एकट्या पडलेल्या मुलाला सोबत मिळवून द्यावी लागते. दोघांना एकच शिक्षा केली, तर दुसरा आणखी एकटा पडतो. अर्थात हे मी तुमच्या पत्रावरून बांधलेले अनुमान आहे. त्याच्याशी निवांत बोलल्यावर वेगळे काही निघू शकते, आणि त्याबद्दल शेवटी सांगते.

आता खोटे बोलण्याकडे वळू. चोरी आणि खोटे यांना आपण एकाच मापात टाकतो. वस्तुतः त्यांची मुळे वेगवेगळी असतात. मूल साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोटे बोलू लागते, कारण आपल्या मनातले दुसऱ्याला दिसत नाही हे त्याला तेव्हा उमगते. तो बुद्धी वाढल्याचा भाग आहे. पुढे ते कुठे आणि किती खोटे बोलते हे मात्र बव्हंशी एका गोष्टीवर ठरते: त्या घरात खरे बोलणे किती महाग पडते. २०११ मध्ये व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतील लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत छडी, चापट, चिमटा हे रोजचे होते आणि दुसरीत नव्हते. खेळण्याकडे चोरून पाहू नकोस असे सांगून मुलांना एकटे सोडले, तेव्हा दोन्हीकडच्या बहुतेक मुलांनी पाहिलेच; पण मार खाणाऱ्या शाळेतली मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे अधिक सफाईने निभावूनही नेले. म्हणजे माराने पाहणे थांबले नाही, सफाई तेवढी वाढली. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ एप्रिल २०१० पासून निषिद्ध केला आहे. घराला तो कायदा लागू नाही, परंतु त्यामागचे कारण घरालाही लागू पडते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला मारापेक्षा ते शेजारणींसमोर पाय धरायला लावणे अधिक बोचले. आजीच्या पाया पडणे ही आपल्याकडे मानाची गोष्ट आहे, सणावाराला आणि परीक्षेला निघताना आपण ती करतो. ती चारचौघांत शिक्षा म्हणून वापरली की मुलाच्या मनात पश्चात्ताप उतरत नाही, कोण कोण पाहत होते एवढेच राहते. तो तुमच्याशी बोलत नाही, त्यात निर्ढावलेपणा आहे असे मला वाटत नाही. त्याची लाज अजून ओली आहे.

तुम्ही जाता जाता लिहून गेलात, त्या गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे. तुम्ही माहेरी आईच्या औषधांसाठी दरमहा काही रक्कम पाठवता, ती यजमानांना माहीत नाही, आणि मुलाला मात्र माहीत आहे. "पप्पांना सांगू नको" असे त्याला बजावलेले आहे. यात तुमचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांनी डाळीच्या डब्यात, धान्याच्या कणगीत, अलीकडे बचत गटाच्या खात्यात असा पैसा ठेवला आणि त्याच पैशाने दुष्काळात घरे तगली. जिथे नवरा दारूत पगार उडवतो, तिथे बाईने पैसा लपवणे याला मी खोटेपणा म्हणणार नाही, ते घर राखणे आहे. त्यामुळे लपवणे चांगले की वाईट याला सरसकट उत्तर नाही. कोणापासून, कशासाठी आणि भीती कितपत खरी आहे, यावर ते ठरते.

मुलाच्या बाजूने मात्र चित्र वेगळे दिसते. त्याला तुमची अडचण ठाऊक नाही, नियम तेवढा ठाऊक आहे: या घरात पैसा गुपचूप हलवता येतो आणि विचारले तर नाही म्हणायचे असते. आजीच्या डब्याशी त्याने तोच नियम वापरला. तुमचे यजमान तापट नाहीत, व्यसनी नाहीत, असे तुम्हीच लिहिले आहे. मग तुमच्या आईच्या औषधाला पैसे गेले हे ऐकून ते फार तर दोन दिवस धुसफुस करतील, आणि तेवढ्यावर भागत असेल तर ती गोष्ट मुलासमोर उघडपणे सांगून टाका. तसे करणे खरोखरच शक्य नसेल, तर किमान मुलाला त्या गुपितातून मोकळे करा. "हा माझा आणि पप्पांचा विषय आहे, तुला काही लपवायची गरज नाही, कोणी विचारलं तर आईला विचारा म्हण," इतके म्हटले तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते.

अशा गोष्टी प्रत्येक घरात असतात. एसटीत पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला अर्धे तिकीट लागते, म्हणून सहा वर्षांच्या मुलाला "कंडक्टरनं विचारलं तर चार सांग" असे पढवणारे आईबाप मी अंबाजोगाईच्या बसमध्ये कितीदा पाहिले आहेत. त्यात वाचतात किती पैसे? गृहपाठाचा प्रकल्प आई रात्री बसून पूर्ण करते आणि वर मुलाचे नाव घालते. यजमान फोनवर चहा पीत पीत "निघालोच आहे" म्हणतात. आपण याला खोटे समजत नाही आणि मूल समजते, कारण त्याच्यासाठी ही भाषा नवी आहे व ते प्रत्येक शब्द लक्ष देऊन शिकत असते. संध्याकाळी शुभंकरोती म्हणून घेणे, ज्ञानोबा-तुकोबांच्या गोष्टी सांगणे हे मी करतेच आणि करावेही. पण त्या गोष्टीतला खरेपणा एसटीत चढताना पायरीवर ठेवून आत गेलो, तर मूल तो तिथेच ठेवायला शिकते.

आता सासूबाईंच्या वाक्याचे पाहू. माझ्या कामाच्या भागात दसरा-दिवाळी झाली की गावे निम्मी रिकामी होत. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, नवरा-बायको मिळून एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जात आणि गुढीपाडव्याच्या मागेपुढे परतत. लेकरे आजी-आजोबांपाशी राहत, काही हंगामी वसतिगृहात, काही आईबापांबरोबर फडावर जाऊन शाळेला मुकत. या व्यवस्थेचे मला कौतुक करायचे नाही. तिने अनेक मुलांचे शिक्षण आणि बालपण खाल्ले आहे. परंतु आई दिवसभर नजरेसमोर नसली की मूल बिघडते हा नियम खरा असता, तर त्या गावांतले एकही मूल सरळ निघाले नसते, आणि तसे मी पाहिले नाही.

धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातली एक आजी मला अशा वेळी आठवते. मुलगा आणि सून कारखान्यावर, पदरात दोन नातवंडे. मी गृहभेटीला बसले असता थोरला नातू दुकानातून चहा-साखर घेऊन आला. आजीला अक्षरओळख नव्हती. तिने उरलेली नाणी परातीत ओतली, बोटाने एकेक बाजूला सारले आणि म्हणाली, "पाच जास्ती आलेत. जा, देऊन ये, दिवस मावळायच्या आत." ती ना रागावली, ना तिने उपदेश केला. पोरगा गेला आणि आला. थोड्या वेळाने त्यानेच सांगितले की, सकाळी पाण्याचा माठ त्याच्या हातून फुटला होता आणि खापऱ्या त्याने गोठ्यामागे टाकल्या होत्या. आजी म्हणाली, "फुटला तर फुटला. आता पाणी कशात भरायचं ते तू बघ." तो शेजारून घागर मागून घेऊन आला आणि हापशावर गेला. त्या घरात खरे बोलायला भीती वाटत नव्हती, पण केलेले निस्तरावे लागत होते. या दोन गोष्टी एकत्र असणारी घरे मी फार थोडी पाहिली. बहुतेक घरांत एक तर भीती असते, नाही तर सगळे माफ असते.

म्हणून नोकरी सोडण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या कारणासाठी सोडू नका. तब्येत, प्रवासाचा त्रास, घरात एखादे फार लहान बाळ, अशी कारणे असती तर मी वेगळे बोलले असते. पण खोट्याची शिक्षा म्हणून तुम्ही नोकरी सोडलीत, तर आपल्या एका खोट्यामुळे आईचे काम गेले हे मुलाला जन्मभर वागवावे लागेल, आणि घराचा एक पगारही जाईल. मराठवाड्याच्या वेशीवरच्या सिंदखेडराजाला दर १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिनी गर्दी लोटते आणि भाषणांत त्यांच्या संस्कारांचा उल्लेख हमखास होतो. पण १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास गेले तेव्हा मागे राज्याचा कारभार त्यांनी मातोश्रींकडे सोपवला होता, हे भाषणात क्वचितच येते. ही कामकरी आई होती. मुलाने तिचे काम पाहिले होते, आणि संस्कारांचा मोठा भाग त्या पाहण्यातच असणार असे मला वाटते. तुमच्या मुलानेही तुम्हाला पतसंस्थेत एखादी शनिवारची दुपार पाहावे. लोकांचा पैसा मोजताना एका रुपयाचा मेळ लागला नाही तर तुम्ही घरी का येऊ शकत नाही, हे त्याला तिथे कळेल.

चोराने फासावर जाताना आईच्या कानाला चावा घेतला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. पहिल्या चोरीला तिने अडवले नाही, असा तिचा बोध. पण त्या गोष्टीत बाप कुठे होता, हे कोणी विचारत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा नियम आपल्या राज्यात झाला. कागदावर आई इतक्या उशिरा आली. दोष मात्र आधीपासूनच तिच्या नावावर जमा होत आला आहे. तुमचे यजमान पंधरा दिवसांनी येतात तेव्हा मुलाला मोबाइल आणि खाऊ देतात आणि शिस्त तुमच्याकडे राहते, असे तुमच्या पत्रावरून दिसते. हे उलटे करण्याची गरज नाही, पण वाटून घेण्याची आहे. पैशांचा हा विषय पुढच्या भेटीत यजमानांनी स्वतः काढावा, रागावून नव्हे, दोघेच फिरायला जाऊन.

प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. आधी एकांतात मुलाला सांगा: पैसे घेतलेस ते चूक, आणि लोकांसमोर मी तुला तसे करायला लावले तेही चूक. दोन्ही वाक्ये एकाच दमात म्हणा आणि मध्ये "पण" घालू नका. त्याने लगेच बोलावे अशी अपेक्षा धरू नका. "खरं सांग, मी काही करणार नाही" असे म्हणून नंतर मारणे हा घराघरांतला प्रकार मात्र पूर्ण बंद ठेवा. त्यानंतर मूल कोणत्याच वचनावर विश्वास ठेवत नाही. ज्याचे उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तो प्रश्नही विचारू नका. दप्तरात नोट दिसली असताना "पैसे घेतलेस का?" विचारणे म्हणजे त्याला खोटे बोलायला जागा करून देणे होय. "आजीच्या डब्यातली नोट तुझ्या दप्तरात आहे, आता ती परत कशी द्यायची?" असे विचारले, तर बोलणे भरपाईकडे वळते.

भरपाई झालीच पाहिजे. त्याला आठवड्याला वीस रुपये द्या आणि त्यातले दहा त्याने स्वतःच्या हाताने आजीच्या डब्यात टाकावेत. सगळे साडेतीनशे वसूल करू नका, शंभर पुरेत. नऊ वर्षांच्या मुलाला दहा आठवडे हा पुष्कळ मोठा काळ असतो. उरलेले दहा त्याचे, त्यांचा हिशेब मागू नका. मित्रांची गरज मात्र पैशांशिवाय भागवायला हवी. एखाद्या रविवारी दोन-तीन मुलांना घरी बोलवा, भजी करा, अंगणात खेळू द्या. वेळ अमावस्येला, आपल्याकडच्या शेतातल्या जेवणाच्या सणाला, शेतात जाणारच असाल तर एखाद्या मित्राला सोबत न्या. तालुक्याच्या शाळेतल्या कितीतरी मुलांनी आंबील आणि भज्जी शेतातल्या कडब्याच्या कोपीजवळ बसून कधी खाल्लेली नसते, आणि तिथे तुमचा मुलगा यजमान असेल.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग नाही, त्यांचाही जीव दुखावला आहे. डबा त्यांचा होता आणि नातू त्यांच्या ताब्यात असताना हे घडले. त्यांना दोषाच्या बाहेर काढून कामात घ्या. डब्यात पैसे परत टाकताना मोजण्याचे काम त्यांचे. डबा कुलपात मात्र ठेवू नका. कुलूप लागले की मुलाला वाटते, आता आपण चोरच ठरलो.

सुरुवातीला म्हटले होते की वेगळे काही निघू शकते. मोठ्या वर्गातली मुले त्याच्याकडून पैसे मागत असतील, न दिल्यास मारण्याची किंवा काही सांगून टाकण्याची धमकी देत असतील, तर वरचे बरेचसे बाजूला ठेवा. शाळेत जाण्याच्या वेळी पोट दुखणे, वस्तू हरवून येणे, झोपेत दचकणे, अंगावर कारण न सांगता येणारे वळ ही त्याची चिन्हे असतात. तसे दिसले तर मुलाला सोबत न नेता आधी वर्गशिक्षकांना भेटा, म्हणजे त्याने चुगली केली असे त्या मुलांना वाटणार नाही. शाळेने दखल घेतली नाही किंवा प्रकार गंभीर निघाला, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तसे काही नसतानाही सहा महिन्यांनंतर पैसे घेणे चालूच राहिले, मुक्या जनावरांना किंवा लहान मुलांना इजा करणे, शाळा बुडवून भटकणे असे काही दिसू लागले, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवा, किंवा आधी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतून बोला. यातले काही घडेल असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. यजमान येऊन गेल्यावर मुलगा बोलता झाला का आणि काय म्हणाला, ते मात्र अवश्य लिहा. पुढचे त्यावरून सांगता येईल.